मैदानात हात उचलला, आता पुढं काय?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. मुलगा नववीत, चौदा वर्षांचा, हायस्कूलच्या कबड्डी संघात रेडर आहे. परवा तालुका स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटच्या रेडमध्ये त्याचा पाय लॉबीत, म्हणजे कोर्टाच्या कडेच्या पट्टीत, गेला. टच न करता लॉबीत गेला म्हणून रेफ्रींनी आऊट दिलं आणि संघ एका गुणानं हरला. आमचे मालक कोर्टात घुसले, शिव्या दिल्या आणि रेफ्री सरांच्या कानशिलात मारली. चष्मा फुटून सरांच्या भुवईला खोक पडली. ते दुसऱ्या गावच्या सरकारी हायस्कूलचे पीटी शिक्षक, कन्नड बोलणारे. माझे दीर एकोणीस वर्षांचे, अग्निवीरची तयारी करतात. तेही गावच्या पोरांबरोबर आत गेले होते. त्यातल्या कुणीतरी भाषेवरून घोषणा दिल्या. सगळ्याचा व्हिडिओ आहे. सरांनी ठाण्यात तक्रार दिली असं कळतं. मालक म्हणतात, 'मैदानात एवढं तेवढं चालायचंच की, त्याला कुठला कायदा आलाय?' गावातले एक पुढारी म्हणतात, उलटी केस घाला, आधी सरांनीच पोराला मारलं असं पोरानं सांगायचं. माझा भाऊ चंदगडला असतो. तो म्हणतो, थंड होईपर्यंत दाजींना इकडं पाठव, कर्नाटकचे पोलीस इकडं येत नाहीत. पोरगा नीट जेवत नाही, प्रॅक्टिसला जात नाही. काल रात्री मला एकटीला म्हणाला, 'आई, टच झालाच नव्हता.' मी काय करू?"

ताई,

तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिलेत: मालकांनी, पुढाऱ्यांनी आणि भावानं. तिन्ही बाजूला ठेवा. आणि सुरुवात पुढाऱ्यांच्या सल्ल्यापासून करा, कारण बाकीच्या दोन्हींत तुमच्या यजमानांचं नुकसान आहे, पण यात पोराचं आहे.

आपल्या भागात उलटी केस ही जवळजवळ रीतच झाली आहे. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक ठाण्यात, आणि मग "तुम्ही मागे घ्या, आम्ही मागे घेतो". बांधावरच्या भांडणात हे खपून गेलं असेल. इथं मात्र खोटं बोलायचं काम चौदा वर्षांच्या मुलावर टाकलं जातंय. ज्या सरांनी नियमानं निर्णय दिला, ज्यांना त्याच्या वडिलांनी त्याच्यासमोर मारलं, त्याच सरांवर त्यानं आळ घ्यायचा. तो तुम्हाला रात्री एकटीला गाठून खरं सांगतो, यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळलंच असेल. त्याचं ते एक वाक्य तुमच्या घरातली या घडीची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ते मोडू देऊ नका.

कायद्याच्या बाजूनंही हा सल्ला घातक आहे. कुणाला त्रास व्हावा म्हणून सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाणूनबुजून खोटा गुन्हा दाखल करायला लावलात तर कलम २४८ लागतं, तिथं कैद पाच वर्षांपर्यंत जाते आणि दंड दोन लाखांपर्यंत. शेकडो माणसांसमोर झालेल्या आणि मोबाईलवर चित्रित झालेल्या सामन्याबद्दल खोटं टिकणार तरी किती दिवस? व्हिडिओत सरांचा हात कुठं दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी बाहेर येईल. आणि मग यजमानांच्या खऱ्या पश्चात्तापावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे. मैदानासाठी कुठला कायदा, असं ते विचारतात. प्रेक्षकांच्या दंग्यासाठी आपल्या देशात वेगळा खास कायदा नाही, एवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. काही देशांत तो आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या फुटबॉल सामन्यांना प्रेक्षकानं कारण नसताना नुसतं मैदानात उतरणं हाच १९९१ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलाय. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात तर शालेय सामन्यातल्या पंचावर हात टाकला तरी एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा दोन हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं वेगळं कलमच आहे. आपल्याकडे असं कलम नाही म्हणून मैदान मोकळं आहे असा अर्थ काढला तर फसगत होते. चुन्याची रेघ ओलांडली म्हणून रस्त्यावरचा कायदा संपत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आली आहे, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी असलेले ३२३, ३५३ हे आकडे आता बदललेत. समजा ही गावच्या एखाद्या मंडळानं भरवलेली स्पर्धा असती आणि पंच हौशी खेळाडू असता, तर एका थपडेला कलम ११५(२) लागलं असतं: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा जामीनपात्र गुन्हा. त्यात पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासही करता येत नाही, आणि मार खाणाऱ्यानं मनावर घेतलं तर तडजोडीनं मिटतोही. "एवढं तेवढं चालायचंच" असं यजमान म्हणतात ते बहुधा अशीच प्रकरणं बघून.

पण तुमच्या बाबतीत तसं नाही, आणि का नाही ते यजमानांना नीट समजावून सांगा. ते रेफ्री सरकारी हायस्कूलचे शिक्षक आहेत. शिक्षण खात्याच्या स्पर्धेत, खात्यानं नेमून दिलेल्या कामावर ते उभे होते. कायद्याच्या भाषेत ते लोकसेवक, आणि कर्तव्य बजावत असलेले. अशा माणसावर हल्ला केला किंवा त्याला धक्काबुक्की केली तर कलम १३२: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला इजा केली तर कलम १२१(१), तिथं कैद पाच वर्षांपर्यंत. सरांच्या भुवईला खोक पडली म्हणता, म्हणजे ती इजा झाली. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात असे, आणि अजामीनपात्र आहेत, आणि मनात आलं म्हणून दोन्ही बाजूंना परस्पर मिटवताही येत नाहीत. शिव्यांचं वेगळं: भांडण भडकावं म्हणून केलेल्या अपमानाला कलम ३५२, दोन वर्षांपर्यंत. "बघून घेतो", "परत गावात पाऊल टाकून दाखवा" अशा धमक्या व्हिडिओत असतील तर ३५१.

पाच वर्षं हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका. ती वरची मर्यादा आहे. पहिलाच गुन्हा, रागाच्या भरात झालेला, मागे काही नाही, अशा माणसाला दोषी ठरवूनही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं दिलाय. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळत नाही असा लोक घेतात, तोही चुकीचा आहे. जामीन हक्क म्हणून ठाण्यात मिळत नाही, न्यायालयाकडं मागावा लागतो, एवढंच. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलंय, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३५ मध्येही नोटिशीची तरतूद आहे. नोटीस आली तर दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी हजर राहायचं. अटकेची भीती वाटत असेल तर बेळगावच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो, कलम ४८२ खाली. ही कामं वकिलांची आहेत, आणि ती आजच सुरू करा.

आणि इथंच तुमच्या भावाचा सल्ला आडवा येतो. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, सोयरीक तिकडं, बाजारहाट तिकडं, त्यामुळं भावाला वाटतं की सीमा ओलांडली की सुटलो. दोन्ही राज्यांत तीच न्याय संहिता आणि तीच नागरिक सुरक्षा संहिता चालते. इकडचे पोलीस तिथल्या ठाण्याला कळवून तिकडं जाऊ शकतात, जातातही. नोटिशीला हजर झाला नाही तर त्याच कारणानं अटक करता येते. त्याहून वाईट म्हणजे अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील पहिलं वाक्य हेच म्हणतील की माणूस राज्य सोडून पळाला. भावाची माया खरी आहे, त्याला रागावू नका. पण यजमानांना घरीच राहू द्या, शेतावर, कामावर नेहमीसारखं जाऊ द्या.

दिरांबद्दल मला जास्त काळजी वाटते. यजमानांनी निदान स्वतःच्या हातानं केलंय ते. दीर कदाचित नुसते आत धावले असतील. पण पाच किंवा त्याहून जास्त माणसं एका बेकायदा हेतूनं जमली की कलम १८९ चा बेकायदा जमाव होतो, त्यांनी बळ वापरलं की १९१ चा दंगा होतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम १९० सांगतं की त्या हेतूसाठी जमावातल्या एकानं केलेलं कृत्य प्रत्येकाच्या माथी येतं. नुसतं बघत उभं राहणं म्हणजे गुन्हा नाही, हेतूत सामील असावं लागतं. म्हणून दिरांनी त्या दिवशी नेमकं काय केलं, भांडण सोडवायला गेले की हात उगारला, हे वकिलांना खरं खरं सांगावं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या शहरात असल्यानं आपल्या खेड्यापाड्यांत भरतीचं स्वप्न घरोघरी आहे. भरतीत पोलीस पडताळणी होते. नाव गुन्ह्यात आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण फॉर्मवर विचारलेलं लपवलं तर मात्र खरोखर संपतं.

भाषेच्या घोषणांचं मी मुद्दाम वेगळं लिहितोय. सरांनी जो निर्णय दिला तो लॉबीच्या रेषेवरचा होता. त्याला कन्नड-मराठीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तुमच्या पोरानं तो बरोबर होता हे स्वतःच सांगितलंय. तरी ज्या क्षणी कुणी भाषेवरून ओरडलं त्या क्षणी एका थपडेचं प्रकरण वेगळ्याच वाटेला लागू शकतं. भाषा, धर्म, जन्मस्थान, जात यांवरून गटागटांत वैर पसरवणाऱ्या बोलण्याला कलम १९६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या एका वादाला भाषेचा रंग चढला आणि दोन्ही राज्यांतली बससेवा विस्कळीत झाली, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली माणसं स्टँडवर ताटकळली. तुमच्या दारात कुणी "हा मराठी माणसावरचा अन्याय आहे" म्हणत आलं, पत्रक काढतो म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. मराठीसाठी लढण्यासारखं खूप आहे या सीमाभागात, मी स्वतः त्या बाजूचा आहे. शाळांचे प्रश्न आहेत, कागदपत्रांचे आहेत. एका शिक्षकाच्या फुटलेल्या चष्म्यावर ती लढाई उभी करू नये. त्या गर्दीत कुणी जातीवरूनही बोललं असेल आणि सर अनुसूचित जाती-जमातीतले असतील तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. त्यात अटकपूर्व जामिनाचा रस्ता कायद्यानंच बंद केलाय, म्हणून व्हिडिओ वकिलांना आवाजासकट दाखवा.

तो व्हिडिओ पुसायला कुणालाही सांगू नका. पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा. आणि तो पुढंही पाठवू नका. त्यात शाळकरी मुलांचे चेहरे आहेत. गुन्ह्यात साक्षीदार किंवा पीडित असलेल्या मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. स्टेटसला ठेवणाऱ्या गावच्या पोरांना हे सांगा.

इथंच इतर पालकांसाठी दोन ओळी, कारण अशी पत्रं हल्ली बरीच येतात. मुलींच्या कबड्डी-खोखोच्या सामन्यात कडेला बसून जे घाणेरडे शेरे मारले जातात त्यांना कलम ७९ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मुलगी अठराच्या आतली असेल आणि शेऱ्यामागे लैंगिक हेतू असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाही. पिऊन मैदानात येऊन उपद्रव करणाऱ्याला कलम ३५५ खाली चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. कडेला बसलेल्या बाकीच्या मोठ्या माणसांनी वेळीच पोलिसांच्या मदतीसाठी ११२ ला फोन केला असता, तर अशी कितीतरी प्रकरणं शिवीपर्यंतच थांबली असती.

आता माफी. यजमानांनी सरांची माफी मागावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती खटला सौम्य व्हावा म्हणून नव्हे. त्या माणसाला त्याच्या विद्यार्थ्यांसमोर मारलंय. पण कशी मागायची हे महत्त्वाचं आहे. गावची पंधरा-वीस माणसं गाडीत घालून सरांच्या घरी जायचं नाही. आपल्याला ती विनवणी वाटते, दारात उभ्या असलेल्या सरांच्या बायको-मुलांना ती धमकी वाटते, आणि साक्षीदाराला धमकावणं हा गंभीर गुन्हा आहे. आधी वकिलांशी बोला, कारण लेखी माफी कबुली म्हणून पुढं येऊ शकते. मग तुमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना गाठा, त्यांच्यामार्फत सरांना विचारा की भेटायची तयारी आहे का. असेल तर फक्त यजमान आणि मुख्याध्यापक जाऊ देत. चष्म्याचे आणि औषधोपचाराचे पैसे द्यावेत. तक्रार मागे घ्या, हे शब्द त्या भेटीत निघता कामा नयेत. सर नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. पुढं कधी त्यांना मनापासून मिटवावंसं वाटलं तर या कलमांत खालच्या न्यायालयात तडजोड होत नाही, पण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्यासाठी धारवाड खंडपीठाकडे, गुन्हा रद्द करायचा अर्ज करता येतो. तिथं निर्णय न्यायाधीशांच्या मर्जीवर असतो. लोकसेवकावरच्या हल्ल्यात तो सहज मिळत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

ठाण्यातले कागद कन्नडमध्ये असतील. यजमानांना कन्नड बोलता येत असलं तरी सरकारी कन्नड वाचून कळेलच असं नाही. समजल्याशिवाय कशावरही सही नको. वाचून दाखवा म्हणायला लाजायचं काही कारण नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० वर फोन केलात तरी मार्ग सांगतात.

राहिला मुलगा. पोलिसांना त्याचा जबाब हवा असेल तर त्याला ठाण्यात नेऊ नका. पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी येऊन विचारावं लागतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. तुम्ही त्याच्या शेजारी बसा. त्यानं जे पाहिलं तेच सांगावं, वडिलांच्या विरोधात जाणारं असलं तरी. त्याआधी यजमानांनीच त्याला जवळ बसवून म्हणायला हवं, "तू खरं सांग, मला चालेल." हे वाक्य त्यांच्या तोंडून येणं तुमच्या-माझ्या शंभर वाक्यांहून जास्त कामाचं आहे. ते तयार होत नसतील तर हे पत्र त्यांना वाचायला द्या.

प्रॅक्टिसला जाण्यासाठी त्याच्यामागं लागू नका. त्याच्या पीटी सरांना सांगा की त्यांनी घरी येऊन त्याला घेऊन जावं, बाकी पोरं काय म्हणतील या भीतीतून तो त्यांच्यामुळंच लवकर बाहेर येईल. हरकत घ्यायची असेल तर ती कॅप्टन आणि संघाचे सर घेतात, पालक नाही, हे त्यांनी सगळ्याच पालकांना एकदा शाळेत बोलावून सांगितलं तर आणखी बरं. यजमानांनी पुढच्या सामन्याला यायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या, आणि तो सध्या नको म्हणाला तर त्यांनी तेवढं ऐकावं.